आधी उत्तर, मग चौकशी

परभणीत सोमनाथ सूर्यवंशीचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला तो १५ डिसेंबर २०२४ रोजी. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरच्या अधिवेशनात त्यावर बोलले २० डिसेंबरला. मध्ये पाच दिवस गेले. पाच दिवसांत दंडाधिकाऱ्यांची चौकशी धड सुरूही होत नाही, निष्कर्ष तर लांबच. तरी सभागृहाला उत्तर मिळालं. पोलिसांनी मारहाण केल्याचं सीसीटीव्हीत दिसत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा सोमनाथनेच मारहाण झाली नाही असं सांगितलं होतं, आणि त्याला श्वसनाचा आजार होता. मग त्याच निवेदनात न्यायालयीन चौकशीचीही घोषणा झाली.

उत्तर ठाऊक होतं तर चौकशी कशाला? आणि चौकशी करायची होती तर उत्तर देण्याची घाई कोणाला होती?

प्रकरण थोडक्यात असं. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद, दगडफेक, जाळपोळ, आणि मग पोलिसांची धरपकड. त्या धरपकडीत सोमनाथ सापडला. वय पस्तीस, समाज वडार, शिकत होता कायदा. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि तिथे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मृत्यू. सुरुवातीला सांगितलं गेलं की छातीत दुखू लागलं, हृदयविकार असावा. शव छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात नेलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्राथमिक मत लिहिलं : अनेक जखमांमुळे आलेला शॉक.

हे मत विरोधी पक्षाचं नव्हतं. आंदोलकांचं नव्हतं. सरकारी रुग्णालयातल्या, सरकारी पगार घेणाऱ्या डॉक्टरांचं होतं, आणि सभागृहात निवेदन झालं त्याच्या आधीचं होतं. त्या मताशी मतभेद असू शकतो. दुसऱ्या तज्ज्ञांना विचारता येतं, अंतिम अहवालाची वाट पाहता येते. पण त्याच्या शेजारी श्वसनाचा आजार ठेवायचा आणि ऐकणाऱ्याला काय ते समजू द्यायचं, याला वाट पाहणं म्हणत नाहीत.

आता सोमनाथने न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितलेलं ते ‘नाही’ जरा जवळून पाहू. आरोपीला रिमांडसाठी उभं करतात तेव्हा न्यायदंडाधिकारी विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? हा प्रश्न रोज, राज्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात विचारला जातो. प्रश्न विचारला जातो त्या क्षणी आरोपीच्या डाव्या-उजव्या हाताला त्याला घेऊन आलेले पोलीसच उभे असतात. कोर्टातून परत जायचं असतं ते त्यांच्याच गाडीतून. मागे रांगेत आणखी दहा-बारा जण, पुढ्यात फायलींचा गठ्ठा, वकील बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा भेटलेला. आरोपी ‘नाही’ म्हणतो. रोजनाम्यात तक्रार नाही अशी ओळ पडते आणि पुढचा पुकारा होतो. या कोर्टांत वावरलेल्या कोणत्याही वकिलाला विचारा, त्या ‘नाही’ला तो किती वजन देतो. माणूस जिवंत असताना ज्या शब्दाला कुणी विचारत नाही, तोच शब्द तो मेल्यावर विधानसभेत पुरावा म्हणून वाचला जातो.

कायदा या बाबतीत आंधळा नाही, हेच जास्त संतापजनक आहे. ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. मुलाला पोलिसांनी चौकीत नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळांवर मिळालं, एवढंच त्यांचं म्हणणं. पोलीस म्हणाले, तो पळाला आणि गाडीखाली आला. त्या पत्रालाच याचिका मानून १९९३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : माणूस तुमच्या ताब्यात होता, तेव्हा तो कसा मेला हे समजावून सांगण्याची जबाबदारी तुमची. आईने सिद्ध करायचं नाही, राज्याने सिद्ध करायचं. तीस वर्षांहून जास्त काळ हा कायदा आहे. तरी आजही प्रत्येक आई शून्यापासून सुरुवात करते.

ती शून्यापासून का सुरू करते, हे कागदांच्या प्रवासात कळतं. मृत्यू झाला की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. नोंद करणारा हवालदार कारणाच्या जागी काहीतरी लिहितोच, सकृद्दर्शनी अमुक. मग मरणोत्तर पंचनामा होतो, त्यात पंच तेच म्हणतात. प्रेताबरोबर डॉक्टरांकडे जो कागद जातो त्यात पोलिसांनी दिलेली हकीकत असते, म्हणजे डॉक्टरांनी सुरी हातात घेण्याआधी एक गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली असते. संध्याकाळी तीच हकीकत बातमीदाराला फोनवर मिळते आणि सकाळी छापून येते. नातेवाईक गावाहून निघून जिल्ह्याच्या ठिकाणी शवागारापाशी पोचतात तोवर मुलाच्या मृत्यूचं कारण चार ठिकाणी लिहून झालेलं असतं. चारही ठिकाणी एकाच माणसाच्या तोंडचं.

त्या क्षणापासून कुटुंबाचं भांडण मृत्यूच्या कारणाशी राहत नाही. ते त्या पहिल्या वाक्याशी सुरू होतं, आणि ते वाक्य खोडायला आयुष्य जातं.

परभणीला हे नवीन नाही. ख्वाजा युनूस परभणीचाच. शिकून इंजिनिअर झालेला. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला मुंबई पोलिसांनी पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेत असताना जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याची आई, आसिया बेगम, उच्च न्यायालयात गेली. सीआयडीने तपास केला आणि पळून जाण्याची गोष्ट बनावट निघाली. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती. त्या चौघांतले सचिन वाझे २०२० मध्ये सेवेत परत आले. युनूसचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. २००३ चं सरकार वेगळ्या पक्षांचं, २०२० चं वेगळ्या जुळणीचं, २०२४ चं आणखी वेगळं. म्हणून कोणत्याही पक्षाच्या प्रवक्त्याने या विषयावर छाती काढून बोलू नये.

सोमनाथच्या आईला, विजयाबाईंना, सरकारने दहा लाख देऊ केले. त्यांनी ते नाकारले. दहा लाख नाकारणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात महिनाअखेरीस किराणा उधारीवर येतो त्यालाच कळेल. त्यांना पैसे नको होते, गुन्हा दाखल व्हायला हवा होता. जानेवारीत परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. थंडीत माणसं रस्त्याने चालत होती, आणि मागणी काय, तर ज्या गोष्टीसाठी कुणालाही चालावं लागू नये ती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं आहे. सायकल चोरीला गेली तर लागू होतो, तो नियम कोठडीत माणूस मेला तर लागू करायला मोर्चा का लागतो?

दरम्यान दंडाधिकाऱ्यांची चौकशीही झाली. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं. त्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं आणि अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. आणि तरीही गुन्हा दाखल होत नव्हता. उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात विजयाबाईंची बाजू मांडताना प्रकाश आंबेडकरांनी नेमक्या याच फटीवर बोट ठेवलं : चौकशी संपल्यावर पुढे कोणी, काय, किती दिवसांत करायचं, याबाबत कायदा गप्प आहे. अहवाल येतो आणि कपाटात जातो. ही फट आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे, आणि ती बुजवायला कोणत्याही सरकारला वेळ मिळालेला नाही.

४ जुलै २०२५ ला खंडपीठाने आठवडाभरात गुन्हा दाखल करा असा आदेश दिला. राज्य सरकारने काय केलं? त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे वाक्य पुन्हा वाचा. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नाही, कुणाला शिक्षा झाली म्हणून नाही. नुसता तपास सुरू करा असं सांगितलं म्हणून महाराष्ट्र राज्य, आपल्या करांतून पगार घेणारे वकील घेऊन, मुलगा गमावलेल्या एका बाईविरुद्ध दिल्लीत उभं राहिलं. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये गुन्हा दाखल झाला. मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी. या साडेसात महिन्यांत कोणाच्या आठवणी पुसट झाल्या, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण राहिलं आणि कोणतं गेलं, याचा हिशेब आता तपास अधिकाऱ्याने द्यायचा आहे. ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात बजावलेलं आहे. साडेसात महिने त्या मुदतीत बसतात. चित्रीकरण नाही, असं कारण कुणी पुढे केलं तर ऐकून घेऊ नका.

कुणी म्हणेल, कोठडीची गोष्ट वेगळी, वसतिगृहाची वेगळी. वसतिगृहाच्या दारावर पोलीस नसतो. तरी पहिलं वाक्य तिथेही तितक्याच वेगाने येतं. खरगपूरच्या आयआयटीत १४ ऑक्टोबर २०२२ ला फैझान अहमद या विद्यार्थ्याचा मृतदेह वसतिगृहाच्या खोलीत सापडला. मूळचा आसामचा, यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. सांगितलं गेलं, आत्महत्या. दफनविधी आसामात झाला. आई-वडिलांना ते पटलं नाही आणि ते कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती राजशेखर मंथा यांनी एका निवृत्त न्यायवैद्यक तज्ज्ञाला नेमलं. त्यांनी पहिल्या शवविच्छेदनाची चित्रफीत पाहिली. डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा दिसत होत्या, अहवालात मात्र त्या नव्हत्या. न्यायालयाने पुरलेला मृतदेह बाहेर काढायला लावला. मे २०२३ मध्ये कोलकात्यात दुसरं शवविच्छेदन झालं आणि तज्ज्ञाने मत दिलं, हा मनुष्यवध आहे. जूनमध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं.

मुलाला एकदा मातीत ठेवल्यावर पुन्हा बाहेर काढायला आई-वडील संमती देतात, ती कोणत्या मनाने देत असतील? आणि ती वेळ त्यांच्यावर का आली? चित्रफीत पहिल्या दिवसापासून होती. डोक्यावरच्या जखमा पहिल्या दिवसापासून होत्या. आत्महत्या ठरवून झालं होतं, म्हणून कुणी मागची बाजू पाहिली नाही. एवढंच. कट-कारस्थान होतं की नव्हतं ते पथक शोधील. पण न पाहण्यासाठी कारस्थान लागत नाही, आधीच ठरलेलं उत्तर पुरतं.

संस्थांना तर हे उत्तर सोयीचं असतं. पवईच्या आयआयटीत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. घरच्यांनी जातीवरून झालेल्या वागणुकीकडे बोट दाखवलं. संस्थेने स्वतःच्या कारभाराची चौकशी स्वतःच्याच समितीकडून करवली, आणि समितीने बोट दाखवलं ते त्याच्या अभ्यासातल्या कामगिरीकडे. ज्याच्यावर आरोप, त्यानेच पंच नेमायचे, ही पद्धत आपण गावच्या विहिरीच्या भांडणातसुद्धा मान्य करणार नाही.

दिल्लीच्या आयआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांनी ही भिंत थोडी हलवली. २०२३ मध्ये दोघांचे मृत्यू झाले. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची चौकशी केली, आत्महत्या म्हटलं आणि फाइल बंद केली. उच्च न्यायालयानेही त्यांना परत पाठवलं. २४ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार आल्यावर अकस्मात मृत्यूच्या चौकशीवर थांबता येत नाही, गुन्हा नोंदवून तपास करायला हवा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विचार करायला निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दलही नेमलं. ज्यांची मुलं शिकायला बाहेरगावी आहेत त्या प्रत्येक घराने हा निकाल माहीत करून घ्यावा. देव करो आणि कधी लागू नये.

घरच्यांचा संशय प्रत्येक वेळी खरा ठरतो असं मी म्हणत नाही. मुलाने स्वतःहून जीव दिला हे स्वीकारणं आई-बापांना फार जड जातं, आणि कधीकधी दुःखाला गुन्हेगार हवा असतो. चौकशीनंतर आत्महत्या किंवा आजार हेच निघू शकतं. पण तेसुद्धा त्यांना नीट चौकशी करून, कागद समोर ठेवून, त्यांच्या भाषेत सांगितलं पाहिजे. जे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं तेच दोन वर्षांनी खरं निघालं, तरी तोवर त्यावर कुणाचा विश्वास उरलेला नसतो. घाईच्या उत्तराने खरं उत्तरही नासतं.

या पहिल्या वाक्याची किंमत कुणाला मोजावी लागली, याचं एक उदाहरण केरळात आहे. कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी पी. राजन याला आणीबाणीत, १ मार्च १९७६ ला पोलिसांनी नेलं. वडील, टी. व्ही. ईचर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. मुलगा कुठे आहे हे विचारत ते वर्षभर दारोदार फिरले. आणीबाणी उठल्यावर मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज केला. सरकारचं म्हणणं होतं, त्याला अटकच केली नव्हती. मुख्यमंत्री झालेल्या करुणाकरन यांनी, जे आणीबाणीत गृहमंत्री होते, तेच शपथेवर सांगितलं. न्यायालयाला पुराव्यांवरून उलट आढळलं, आणि महिन्याभरात करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मुलाचं प्रेत वडिलांना अखेरपर्यंत मिळालं नाही. २००६ मध्ये ते गेले. पण निदान एकदा या देशात, कोठडीतल्या विद्यार्थ्याबद्दल दिलेलं चुकीचं उत्तर खुर्चीला महाग पडलं होतं.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती मुख्यमंत्र्यांपासून पोलीस अधीक्षकांपर्यंत आणि कुलगुरूंपासून वसतिगृहाच्या वॉर्डनपर्यंत सगळ्यांकडे आहे. मृत्यू कधी झाला, कुठे झाला, शवविच्छेदन कोण करणार, चौकशी कोणाकडे आहे, एवढं सांगा. कारण सांगू नका. ते सांगायचं काम तुमचं नाही. आणि चौकशीनंतर काय करायचं याची मुदत कायद्यात लिहा. विधानसभेला राज्यापुरती दुरुस्ती करता येते, तिला राष्ट्रपतींची संमती तेवढी लागते.

वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर काम करणाऱ्या माझ्या मित्रांनो, फोनवर मिळालेलं कारण मथळ्यात घालू नका. छापायचंच असेल तर ते कोण म्हणालं त्याचं पद लिहा, आणि घरचे काय म्हणतात ते त्याच बातमीत, त्याच जागी लिहा, शेवटच्या परिच्छेदात नको.

आणि वाचकहो, असा प्रसंग ओळखीतल्या कुणावर आला, तर त्या घरी जेवणाचा डबा घेऊन जा, पण एक वकीलही सोबत न्या. त्यांना सांगा की कोठडीतल्या मृत्यूच्या चौकशीला नातेवाइकांना हजर राहता येतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अहवालाची प्रत मागा. महाराष्ट्रातल्या त्या छापील नमुन्यात सतराव्या रकान्यात शरीरावरच्या बाहेरच्या जखमा लिहितात. तो रकाना ओळखीच्या डॉक्टरकडून मराठीत वाचून घ्या. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जपून ठेवा असं पत्र त्याच आठवड्यात ठाण्याला द्या. आणि हे सगळं होईपर्यंत कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली, तर करू देऊ नका.